घरातील वडीलधारी माणसे : काल आणि आज

(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'जीर्णोद्धार' ह्या शब्दातला 'जीर्ण' आणि म्हातारपणाला संस्कृतात जो 'जरा' शब्द आहे तो, हे दोन्ही एकाच धातूपासून निघालेले आहेत. झिजणे, विरणे, वयाने उतरणे असा त्याचा अर्थ. देऊळ जीर्ण झाले म्हणजे गाव एकत्र येते, वर्गणीची यादी फिरते, मुंबई-पुण्याला असलेल्या मंडळींना निरोप जातात, कोणी वाळू देतो, कोणी अंगमेहनत देतो आणि खचलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहतात. देऊळ जुने झाले म्हणून ते कोणी टाकून देत नाही. उलट जितके जुने तितके त्याचे माहात्म्य अधिक. माणूस जीर्ण झाला म्हणजे काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आनंदाच्या दिवशी हा विषय काहींना कडू वाटेल. पण समोर सतरंजीवर बसलेल्या मंडळींत पांढऱ्या डोक्यांची संख्या पाहिली, तर तो अगदीच अवेळी निघाला असे म्हणता यावयाचे नाही.

राजांना इतिहास असतो, लढायांना असतो, देवळांनाही असतो. म्हातारपणाला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. माणूस जन्मतो, वाढतो, थकतो, जातो. ह्यात बदलते काय? शरीराचे थकणे बदलत नाही हे खरे. परंतु थकलेल्या माणसाला घरात कोठे बसवावयाचे, त्याला काय विचारावयाचे, त्याच्या ताटात काय वाढावयाचे आणि ते कोणी वाढावयाचे, ह्या गोष्टी प्रत्येक काळात बदलत आल्या आहेत. त्यांचाच हा इतिहास.

पारावर कोणत्याही संध्याकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते. पूर्वी वडिलांच्या शब्दाबाहेर घरातले पान हलत नसे, आता कोणी विचारीत नाही. हे वाक्य अर्धे खरे आहे. अर्धे का, ते पाहू.

पहिली गोष्ट मोजणीची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी आयुर्मान होते सुमारे २३ वर्षे. स्वातंत्र्याच्या सुमारास ते ३२ वर्षांच्या आसपास आले. म्हणजे सगळी माणसे तेविसाव्या वर्षी मरत असा ह्याचा अर्थ नव्हे. मुले फार दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई, आणि जो लहानपणातून तरला तो पुढे साठ-सत्तरपर्यंत जगूही शके. तरी १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६ साली मुंबईत सुरू होऊन गावोगाव पसरलेला प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ एवढ्यांतून निभावून साठी गाठणारी माणसे थोडीच असत. ज्या घरात आजोबा असत ते घर भाग्याचे मानले जाई. आज सरासरी आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. १९६१ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे देशात अडीच कोटींच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती दहा कोटींच्या वर गेली आणि त्यांतली सात कोटींहून अधिक खेड्यांत राहणारी होती. जी वस्तू दुर्मिळ असते तिला किंमत असते, हा बाजाराचा नियम माणसालाही लागू पडतो असे म्हणणे बरे दिसत नाही. पण पूर्वीच्या मानामागे हाही एक हिशेब होता, तो नाकारून चालणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पूर्वीचा म्हातारा माणूस गावाच्या उपयोगाचा होता. शेताची हद्द कोणत्या बांधावरून जाते, कोणत्या आंब्यापासून कोणत्या ओढ्यापर्यंत, पाटाचे पाणी कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, कोणत्या घराण्याचा कोणत्या मानपानावर हक्क, हे सारे त्याच्या डोक्यात असे. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे आणि गावची जुनी माणसे बोलावून त्यांची साक्ष घेतली जाई. तिथे जो निवाडा होई त्याचा कागद म्हणजे महजर. असे महजर आजही इतिहास संशोधकांना मिळतात, आणि त्यांत निकाल पुष्कळदा जाणत्या माणसांच्या आठवणीवर टेकलेला दिसतो. ज्याच्या आठवणीवर दुसऱ्याची जमीन टिकते किंवा जाते, त्या म्हाताऱ्याला 'बसा' म्हणावयास कोण चुकेल?

मग इंग्रजांचे राज्य आले. १८३६ साली इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू झाली आणि हळूहळू सगळ्या मुलखात पसरली. शेतांना नंबर पडले, हद्दीवर दगड रोवले गेले, नकाशे झाले, पुढे सातबारा आला. रयतेची पुष्कळ सोय झाली, ह्यात शंका नाही. परंतु त्या दिवसापासून शीव सांगण्याचे काम म्हाताऱ्याकडून तलाठ्याच्या दप्तराकडे गेले. पुढे शाळामास्तर आला आणि पाढे-हिशेब त्याच्याकडे गेले. वर्तमानपत्र आले, रेडिओ आला आणि पावसाचा अंदाज तिकडून येऊ लागला. संकरित बियाणे आले, तसे बियाणे राखण्याचे आजीचे ज्ञानही कणगीबरोबर कोपऱ्यात गेले. वडिलांचा मान कमी झाला तो सुना शिकल्या म्हणून किंवा पोरे बिघडली म्हणून, असे आपण सहज म्हणतो. पण त्याच्या कितीतरी आधी, कोणी वाईट नसताना आणि कोणी भांडलेले नसताना, त्यांच्या हातातले एकेक काम काढून घेतले गेले होते. पारावर हे बोलले जात नाही, कारण हे घडताना कोणाला दिसलेच नाही.

आता तिसरी गोष्ट. पूर्वीचा तो मान सर्वांना मिळत होता का?

धर्मशास्त्रे वृद्धांचा आदर सांगतात हे सर्वांस ठाऊक आहे. तैत्तिरीय उपनिषदात गुरू घरी परतणाऱ्या शिष्याला आईबापांना देवाच्या ठिकाणी मानावयास सांगतो. मनुस्मृतीत नित्य वडीलधाऱ्यांना वंदन करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढते असे म्हटले आहे. तथापि त्याच ग्रंथात मान देण्याची पाच कारणे सांगितली आहेत : धन, आप्तसंबंध, वय, कर्म आणि विद्या, आणि ह्यांत पुढचे ते मागच्याहून श्रेष्ठ. म्हणजे वय मधोमध बसले. आणि लगेच पुढे असे येते की शूद्र मानल्या गेलेल्या माणसाला हा मान वयाची नव्वदी ओलांडल्यावर द्यावा. ज्या काळात साठी गाठणे कठीण, त्या काळात नव्वदी गाठणारे किती असतील? जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याला म्हातारपण नव्हतेच. हात चालतील तोवर काम आणि मग ओसरीचा कोपरा. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या शब्दाला वजन, ही गोष्ट जुनीच आहे.

आणि ज्यांच्या घरी जमीन होती त्यांची मुले तरी सगळी श्रावणबाळ होती काय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक नियम आहे. ऐपत असूनही जो आपली बायकामुले, आईबाप, अज्ञान भाऊ आणि कुमारी किंवा विधवा बहिणी ह्यांना पोसणार नाही, त्याला बारा पण दंड करावा. 'पण' म्हणजे त्या वेळचे नाणे. बायकामुलांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्यालाही दंड सांगितला आहे. त्याच प्रकरणात, ज्यांना कोणी नाही अशा बालकांना आणि वृद्धांना राजाने पोसावे असेही म्हटले आहे. कायदा उगाच कोणी करीत नाही. चोर असतात म्हणून चोरीला शिक्षा असते. त्या काळीही आईबापांना न पाहणारे कर्ते पुरुष इतके असले पाहिजेत की राजाला दंडाचा आकडा ठरवावा लागला.

सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात शिळांवर जी आज्ञापत्रे कोरविली, त्यांतील आठवे आपल्याला जवळचे आहे, कारण त्याचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना वसईजवळच्या सोपाऱ्यास सापडला. ह्या आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या यात्रा काढीत, आपण धर्मयात्रा काढतो. आणि त्या यात्रेत काय काय करावयाचे ह्या यादीत वृद्धांची भेट घेणे आणि त्यांना सुवर्णदान करणे हेही आहे. नुसता नमस्कार करून राजा पुढे गेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात आईबापांच्या सेवेचे नाव निघाले की पुंडलिकाचे नाव येते. विटेवर उभ्या असलेल्या देवाची कथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. ती पुन्हा सांगण्याचे कारण नाही. मात्र तिचा पूर्वार्ध कीर्तनात पुष्कळदा घाईने उरकला जातो. परंपरेने सांगितलेल्या कथेत पुंडलिक हा आधी आईबापांना छळणारा मुलगा आहे. बायकोला खांद्यावर घेऊन तो काशीला निघाला आणि म्हातारे आईबाप मागून पायी चालत होते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तेव्हा तो मागे फिरला. म्हणजे आपल्या सर्वांत लाडक्या देवाच्या कथेची सुरुवातच एका वाईट वागणाऱ्या मुलापासून होते. वारकऱ्यांनी ती लपविली नाही, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात त्याच पुंडलिकाचे देऊळ बांधले.

समर्थ रामदासांचा दासबोध पाहा. त्याच्या तिसऱ्या दशकात एका सामान्य प्रपंची माणसाचे आयुष्य जन्मापासून वर्णिले आहे आणि शेवटी त्याचे म्हातारपण येते. शक्ती गेली, दात गेले, पैसा गेला, आणि ज्यांच्यासाठी जन्मभर खस्ता खाल्ल्या ती पोरेबाळेच आता त्याला विचारीत नाहीत, असे ते चित्र आहे. हे सतराव्या शतकातले लिखाण. त्या वेळी मोबाईल नव्हता, दूरदर्शन नव्हते आणि मुंबईची चाळही नव्हती.

आतापर्यंत जे सांगितले ते बहुतेक म्हाताऱ्या पुरुषांचे झाले. म्हाताऱ्या बाईचा इतिहास वेगळा आहे आणि तो म्हणींत दडलेला आहे. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो', ही म्हण आपण कोर्टकचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे वापरतो. जरा थांबून ती पुन्हा म्हणून पाहावी. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, हे त्यात गृहीत धरले आहे. चर्चा फक्त काळाची आहे. म्हण 'म्हातारा मेल्याचे' अशी का नाही, ह्याचे उत्तर जुन्या कायद्यात सापडेल. एकत्र कुटुंबातील विधवेला नवऱ्याच्या वाट्यावर हक्क सांगता येत नसे. अन्नवस्त्र मिळे तेवढेच. १९३७ च्या कायद्याने तिला नवऱ्याच्या हिश्श्याचा हयातीपुरता उपभोग मिळाला. पूर्ण मालकी, आणि आई म्हणून मुलाच्या मिळकतीत पहिल्या वर्गातील वारसाचा हक्क, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आले. त्याआधी कित्येक पिढ्या म्हातारीच्या हाती होते ते फक्त किल्ल्यांचा जुडगा आणि सुनेवरची हुकमत. नवरा गेला की किल्ल्या जात. पुष्कळ सासवा सुनांशी कडक का वागल्या, ह्याचे थोडे कारण इथेही असावे. आणि ज्या एकत्र कुटुंबाचे आपण गोडवे गातो त्यातली सेवा कोण करीत होते? म्हाताऱ्याची कूस बदलणे, त्याचे मळके धुणे, रात्री खोकल्याची उबळ आली की काढा करून देणे, हे काम ज्याचे नाव घराण्यात निघते त्या मुलाने नव्हे, तर परक्या घरून आलेल्या सुनेने केले. वर्गणीच्या पाटीवर तिचे नाव नसते. असो.

लहानपणी ऐकलेली भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आठवावी. वाटेत वाघ भेटतो, आणि म्हातारी त्याला सांगते की आधी लेकीकडे जाऊन चांगली जाडजूड होऊन येते. गोष्ट गमतीची आहे. पण म्हातारीला पोटभर खायला कोठे मिळते? लेकीकडे. आपल्या समाजात लेकीच्या घरचे पाणीही पिऊ नये अशी रीत होती. आणि तरीही आज्यांनी नातवंडांना सांगितलेल्या ह्या गोष्टीत म्हातारी रान ओलांडून लेकीकडेच निघाली आहे. रीत एक सांगत होती आणि बायकांना आतून दुसरे ठाऊक होते. कायद्याला तेथवर यावयास बराच वेळ लागला. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगी होती ती बायकोमुलांना. आईबापांचा समावेश झाला १९७३ च्या संहितेत. आणि १९८७ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वतःची कमाई असलेल्या लग्न झालेल्या मुलीवरही आईबापांना पोसण्याची जबाबदारी आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास फुकट झाला, तेव्हा त्या गोष्टीतल्या म्हातारीला भोपळ्याची गरज उरली नाही असे कोणी गमतीने म्हणेल.

घर मोडले ते शहरामुळे, असे म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली आणि घाटावरची माणसे शंभर वर्षांहून अधिक काळ गेली. मुलगा गिरणीत, सून गावी, आईबाप गावी, आणि महिन्याला पोस्टमनच्या हातून मनिऑर्डर. त्या मनिऑर्डरीने किती म्हातारपणे निभावली ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस फिरले, तसे पोस्टमनच्या वाटेकडे लागलेले डोळेही मिटले. पुढच्या पिढीने बायकोला बरोबर नेले, ते योग्यच झाले. परंतु म्हाताऱ्यांच्या उशाशी बसणारे जे एक माणूस होते तेही गेले. मध्यमवर्गाने हे दुःख नाटकात पाहिले. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांनी सगळे मुलांच्या स्वाधीन केले आणि मग त्यांना घर उरले नाही. नाटक पाहून प्रेक्षक रडले, आणि दुसऱ्या दिवशी कित्येकांनी आपल्या कागदपत्रांचा डबा उघडून पाहिला असेल.

खेड्यात ही गोष्ट नाटकाविना घडते, आणि तिचे नाव आहे पाळी. वाटणी होते. बैल, विहिरीचे पाणी, भांडी, आंब्याची झाडे वाटली जातात आणि शेवटी आईबाप उरतात. मग महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे असे ठरते. एकतीस तारखेचा महिना कोणाकडे जास्त येतो ह्यावरूनही बोलाचाली होतात. काही ठिकाणी आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे असे वाटप होते. पन्नास वर्षे एका चुलीचे खाल्लेली दोन माणसे मग एकाच आळीत समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेली दिसतात. बापाची पाळी संपते त्या दिवशी तो आपली वळकटी आणि औषधाची पिशवी घेऊन पलीकडच्या घरी चालत जातो. कोणी न्यायला येत नाही, कारण घर जवळच आहे. ह्यात मारहाण नाही, उपासमार नाही, गावाच्या दृष्टीने मुले सांभाळीत आहेत. पण ज्या घराची भिंत आपण उभी केली त्या घरात आपण महिन्याचे पाहुणे आहोत, हे ज्याला रोज उमगते त्याचे काय होत असेल, ते इथे बसलेल्यांपैकी काहींना सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा थोडे व्यवहाराचे बोलणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आले. पासष्टीच्या पुढच्या निराधारांसाठी राज्याची योजना आहे तिला श्रावणबाळाचेच नाव आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा एक हजारावरून दीड हजार झाली. अर्ज तहसील कचेरीत होतो. ही रक्कम मोठी नाही, पण म्हातारीच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावर येणारे दीड हजार आणि मुलाने काढून दिलेले दीड हजार ह्यांत जे अंतर आहे ते म्हातारीला विचारावे.

२००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी वेगळा कायदा केला. मुले पाहत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. वकील लावावाच लागत नाही. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता ठरविता येतो. आईबापांना टाकून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली त्याच्याही पुढे जाऊन ठराव केला की आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते आईबापांच्या खात्यात भरावे. कौटिल्याचे बारा पण पुन्हा आले म्हणावयाचे.

ह्या कायद्याचे तेविसावे कलम मात्र प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. म्हातारा माणूस जमीन किंवा घर मुलाच्या, पुतण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून देतो, 'तूच आता माझे पाहा' असे तोंडी म्हणतो, आणि पुढे कोणी पाहत नाही. तेविसावे कलम म्हणते की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत घेता येते. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तशी अट होती हे दिसले पाहिजे; नुसती माया होती म्हणून भागणार नाही. जानेवारी २०२५ मधल्या दुसऱ्या एका निकालात ह्या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगून एका आईने मुलाला करून दिलेले बक्षीसपत्र न्यायालयाने रद्द ठरविले. ती केस न्यायालयाच्या पायऱ्या चढत वरपर्यंत गेली तेव्हा हे झाले. त्यापेक्षा रजिस्ट्रार कचेरीत अंगठा किंवा सही करण्यापूर्वी दस्तात एक ओळ घालून घ्यावी, की दवाखाना, अन्नवस्त्र आणि राहण्याची जागा हयातभर देण्याच्या अटीवर ही मिळकत दिली आहे. मुलगा चांगला असेल तर त्या ओळीने त्याचे काही जात नाही. ती लिहिण्यास ज्याचा जीव अडखळतो त्याने निदान दस्त घाईने करू नये. हयातीत सगळे देऊन टाकण्याचा आग्रह शास्त्रही करीत नाही आणि कायदाही करीत नाही.

म्हातारी माणसे म्हणजे केवळ सांभाळावयाचे ओझे, असा समज होऊ नये म्हणून एकच नाव घेणे पुरे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली येथे झाला. १९१४ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. दोन वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठ काढले. एकाहत्तराव्या वर्षी त्या विद्यापीठासाठी जगाच्या प्रवासाला निघाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, ज्या खेड्यांना शाळा नाही त्यांच्यासाठी ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून त्याला पैसे दिले. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि १९६२ साली एकशे चार वर्षांचे होऊन गेले. प्रत्येक म्हातारा कर्वे होणार नाही. तशी अपेक्षाही करू नये. पण शाळामास्तरांना जे सांगता येत नाही, तलाठ्याच्या दप्तरात जे नाही आणि मोबाईलवर जे सापडत नाही, असे पुष्कळ काही ह्या सभामंडपात बसलेल्या माणसांजवळ अजून आहे. ह्याच देवळाच्या जुन्या गाभाऱ्याच्या दगडांचा क्रम कोणाला ठाऊक होता? पायाचे काम चालू असताना कंत्राटदार रोज सकाळी कोणाकडे विचारावयास जात होता, ते गावाने पाहिले आहे.

नव्या सभामंडपाची जागा प्रशस्त झाली आहे. महिन्यातून एक दिवस शिकलेल्या तरुण पोरांनी इथे टेबल टाकून बसावे आणि ज्यांचे निराधार योजनेचे अर्ज राहिले आहेत, हयातीचे दाखले द्यावयाचे आहेत, बँकेचे खाते आधारशी जोडावयाचे आहे, त्यांची कागदपत्रे भरून द्यावीत, अशी सूचना काही मंडळींनी केली आहे. जीर्णोद्धार समितीने ती टिपून घेतली आहे. आणखी एक काम राहिले आहे. समोरच्या पायऱ्या नऊ आहेत आणि संगमरवरी फरशीमुळे पावसात निसरड्या होतात. कठडा अजून कोणत्याच बाजूला नाही. गवंड्याने माप घेऊन ठेवले आहे, लोखंडाचा खर्च देणगीच्या यादीत शेवटच्या ओळीत लिहिलेला आहे, आणि त्या ओळीपुढचे नाव आज सकाळपर्यंत कोरे होते.